सोसायटीच्या सचिवपदाचा माझा अनुभव

२०२२ मध्ये डोंबिवलीतील आमच्या ४२ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव झालो. समितीच्या पहिल्या बैठकीत सचिवपदाचा विषय निघताच बाकीच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेवढा वर पाहत होतो. माजी सचिवांनी दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाटाची किल्ली आणून दिली. कपाटात भागपत्रांच्या प्रतिपत्रिका, लिफ्टच्या देखभालीची जुनी बिले आणि दिवाळीच्या दिव्यांच्या माळा होत्या, मात्र ‘आय’ नोंदवही, म्हणजे सदस्यांच्या अधिकृत नोंदींचे पुस्तक, २०१४ नंतर कोणी उघडल्याचे दिसत नव्हते. पहिले दोन महिने मी रात्री जेवणानंतर उपविधींचे, म्हणजे संस्थेच्या नियमांचे, पुस्तक वाचण्यात आणि ती नोंदवही पूर्ण करण्यात घालवले, आणि पुढे जे काही निभावले ते बहुतांशी त्या कंटाळवाण्या वाचनामुळे.

थकबाकी पावणेचार लाखांच्या घरात होती आणि ती सहा सदनिकांकडे होती. आधीच्या समितीचा रिवाज असा होता की ओळखीच्या माणसाला जिन्यात गाठून ‘बघा जरा जमलं तर’ असे म्हणायचे, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याला नोटीस धाडायची. व्याजाचेही तसेच. तेव्हाच्या उपविधींनुसार थकबाकीवर द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होते आणि प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरवत असे. आमच्या सभेने तो १८ टक्के ठरवलेला होता, पण कोणाला तो लागायचा आणि कोणाला माफ व्हायचा, याचा ठराव मात्र कुठल्याच इतिवृत्तात सापडला नाही.

मी सगळ्या थकबाकीदारांना लेखी मागणीपत्रे पाठवायचे ठरवले आणि पाचच पाठवली. सहावे नाव समितीतीलच एका सदस्याचे होते. त्यांची आणि माझी वीस वर्षांची मैत्री, दोघांची मुले एकाच शाळेत शिकलेली. त्यांना मी समक्ष सांगेन, अशी मी स्वतःची समजूत घातली. लेखी मागणी मिळाल्यापासून तीन महिन्यांत जो सदस्य पैसे भरत नाही, तो समितीवर राहण्यास अपात्र ठरतो, हे मला तोवर ठाऊक झाले होते. पत्र न पाठवण्याचे खरे कारण तेच होते. वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी उभे राहून शांतपणे विचारले, “हिशेबपत्रकात थकबाकीदार सहा आहेत, आणि तुमच्या अहवालात नोटिसा पाच. सहावं पत्र टपालात हरवलं का?” सभागृहात हशा पिकला. मी चूक कबूल केली, ती इतिवृत्तात तशीच नोंदवली आणि सोमवारी सहावे पत्र पोस्टाने रवाना केले.

मित्राने महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले, पण दहाव्या आठवड्यात सगळी रक्कम व्याजासह भरली. एका निवृत्त सदस्यांना एकरकमी भरणे खरोखरच अशक्य होते. त्यांच्याकडून लेखी अर्ज घेऊन समितीने सहा हप्ते मंजूर केले आणि तीच सवलत इतर पाचही जणांना लेखी कळवली. व्याज कोणालाच सोडले नाही. एकच प्रकरण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या आदेशासाठी, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात न्यावे लागले, आणि तेही अर्ज दाखल झाल्यावर तडजोडीने मिटले.

लिफ्टचा वाद त्यामानाने लवकर संपला. पहिल्या मजल्यावरच्या सदस्यांचे म्हणणे असे की आम्ही जिन्यानेच जातो, मग लिफ्टचा खर्च आम्ही का द्यायचा. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सदस्यांनी, वापर असो वा नसो, तिचा खर्च समान वाटून घ्यायचा, अशी उपविधींची तरतूद आहे. ती मोठ्या अक्षरात छापून मी फलकावर लावली. सेवाशुल्कही समानच असते आणि पाणीपट्टी मात्र नळजोडांची संख्या व आकार पाहून आकारली जाते, हेही तिथेच लिहून टाकले, म्हणजे तो प्रश्न पुढच्या महिन्यात यायला नको.

खरी परीक्षा पार्किंगने घेतली. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या भागात, १७ जागा आणि गाड्या २६. पाच जणांकडे बिल्डरची पत्रे होती की त्यांनी जागा ‘विकत’ घेतली आहे. स्टिल्टमधील किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्याच एका सोसायटीच्या खटल्यात दिला आहे. त्या निकालाची प्रत मी पाचही घरी नेऊन दिली. त्यांचा राग मला समजत होता, कारण त्यांनी घामाचे पैसे मोजले होते. पण ते मोजले होते बिल्डरला, संस्थेला नव्हे. जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, या उपविधीतील मार्गावर सभेचे शिक्कामोर्तब झाले. एका सदनिकेला एकच जागा, आणि चाकांच्या खुर्चीवर असलेल्या एका सदस्यांसाठी लिफ्टजवळची जागा सोडतीबाहेर, हेही त्याच सभेत ठरले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सोडत झाली. पहिल्या चिठ्ठ्या रद्द कराव्या लागल्या, कारण एकाने दाखवून दिले की कोऱ्या चिठ्ठ्यांचा कागद पातळ आहे. मग एकाच वहीची पाने सर्वांसमोर कापली, १६ चिठ्ठ्यांवर जागांचे क्रमांक घातले, ९ कोऱ्या ठेवल्या आणि त्या स्टीलच्या पिंपात टाकल्या. सदनिकेचा क्रमांक पुकारला की तळमजल्यावरची सात वर्षांची मुलगी एक चिठ्ठी काढायची आणि प्रत्येक वेळी “कोरी!” किंवा “नंबर!” असे ओरडायची. बिल्डरच्या पत्रवाल्या पाचांपैकी तिघांना जागा मिळाली. माझी चिठ्ठी कोरी निघाली.

त्या वर्षी माझी गाडी एप्रिलपासून मार्चपर्यंत फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. जूनच्या पहिल्याच वादळात तिच्यावर गुलमोहराची फांदी पडून मागची काच फुटली. सोसायटीच्या कामासाठी इतका वेळ देणाऱ्या सचिवाचा एवढा खर्च संस्थेने द्यायला काय हरकत आहे, असे माझ्या त्या मित्रानेच बैठकीत सुचवले. मी पुढच्या बैठकीची विषयपत्रिका काढताना त्यात तो विषय घातला नाही.