फेऱ्याला फेरा खेटून : आमची वाटचाल

माझा मूळ धंदा मोटर वाइंडिंगचा. जळालेल्या मोटरची तार उपसायची, फेरे मोजायचे, तेवढेच फेरे नव्या तांब्याच्या तारेचे भरायचे, वॉर्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं. पंधरा वर्षं हेच केलं. मासेमारीशी संबंध आला तो एका नेहमीच्या गिऱ्हाइकामुळे. ते पंपाची मोटर न्यायला आले होते, आणि गाडीत त्यांचा फिशिंग रॉड पडला होता. त्याचा एक गाईड, म्हणजे दोरी ज्यातून धावते ती कडी, सुटून लोंबत होती. म्हणाले, "दिवसभर गुंडाळायचंच काम करता ना? एवढी कडी बसवून द्या की."

दिली बसवून. शिवणाचा साधा दोरा, पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी, काम दहा मिनिटांत उरकलं. दोन महिन्यांनी रॉड परत आला. इपॉक्सी उन्हाने पिवळा पडून तडकला होता आणि कडी जागेवरून फिरली होती. त्यांनी तक्रार केली नाही, काही न बोलता रॉड टेबलावर ठेवला. वाइंडिंगमध्ये माझं काम असं कधी परत आलं नव्हतं. ते फार लागलं. त्या रात्री मी त्या रॉडचे बाकीचे गाईड कसे बांधले आहेत ते भिंगाखाली बघत बसलो. रॉड बांधण्याचा आमचा आजचा धंदा सुरू झाला तो तिथून.

भिंगाखाली पहिल्यांदा दिसलं ते असं, की गाईडला पाय असतात, चपटे. पायाचं टोक बोथट असेल तर दोरा ब्लँकवरून, म्हणजे रॉडच्या नुसत्या नळीवरून, पायावर चढताना अडखळतो आणि तिथे फट राहते. ते टोक कानशीने घासून पात्यासारखं उतरतं करावं लागतं. खालची कडही गुळगुळीत हवी, नाहीतर रॉड वाकला की तीच कड ब्लँकच्या कार्बनला चरे पाडते. मग दोरा. या कामाचा नायलॉन दोरा वेगळा असतो, त्याला ए, सी, डी, ई अशी मापं. ए सगळ्यात बारीक, जाडी साधारण 0.15 मिलिमीटर. डी त्याहून जाड, दणकट कामाचा. फेरे एकमेकांना खेटून बसवायचे, आणि शेवटचे सात-आठ उरले की जादा दोऱ्याचा एक फास त्यांच्या खाली घालून वरून गुंडाळायचं. मुख्य दोरा कापायचा, टोक फासात ओवायचं, फास ओढून घ्यायचा. टोक आपल्याच फेऱ्यांखाली दडतं. गाठ कुठेच नाही.

तारेवर बसलेला हात इथे कामाला आला, पण नडलाही. मी दोरा फार ताणत होतो. गाईड बांधून झाल्यावर ते सगळे एका रेषेत आणायला बोटाने किंचित सरकवावे लागतात. माझे जागचे हलायचेच नाहीत. ताण किती हवा हे सांगून कळत नाही. फेरे फाकायला नकोत आणि कडी मात्र बोटाच्या दाबाने हलायला हवी, एवढाच त्याचा काटा.

वर इपॉक्सीचा थर देतात तो ओला असताना खाली ओघळतो. म्हणून रॉड आडवा ठेवून सतत फिरता ठेवायचा. त्यासाठी मी भंगारातल्या मायक्रोवेव्हमधली, आतली काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटर काढली. मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवी तशी चाल. ती मोटर अजून चालू आहे. नंतर घेतलेल्या दोन यंत्रांपैकी एक केव्हाच बंद पडलं.

वर्षभर मी फक्त दुरुस्ती केली. दुकानात एका बाजूला मोटरी, दुसऱ्या बाजूला रॉड. लोकांना गंमत वाटायची. गिऱ्हाईक वाढलं तशी मागणी आली की पूर्ण रॉडच बांधून द्या. म्हणायचे, "रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, माझं, हात माझा, मासा अमुक." पहिला रॉड बांधताना मी पुस्तकी माणसासारखा ब्लँकचा कणा शोधत बसलो. ब्लँक बनतो निमुळत्या पोलादी सळईवर कार्बनचं राळ पाजलेलं कापड गुंडाळून, त्यामुळे कापडाची टोकं एकमेकांवर येतात ती बाजू थोडी ताठर होते. वाकवून टेबलावर लोळवला की ब्लँक एका जागी टुणकन उडी मारतो, तो कणा. गाईड त्याच्याच हिशेबाने लावले नाहीत तर रॉड हातात पिळवटतो, असं तेव्हा ठामपणे सांगितलं जायचं. आज मी ते फारसं मानत नाही. गाईड वरच्या बाजूला असले की भाराखाली रॉड पिळवटू पाहणारच, कणा कुठेही असो, कारण ओढ वरून येते. ब्लँक ज्या बाजूने सर्वांत सरळ दिसतो ती बाजू मी बघतो आणि पुढे जातो.

गाईड कुठे बसवायचे याला मात्र मी तडजोड करत नाही. संख्येचा ढोबळ नियम फुटाला एक आणि वर एक. पण जागा ठरते ती भार लावून. मूठ पक्की अडकवायची, गाईड तात्पुरते चिकटपट्टीने लावायचे, दोरी ओवून टोकाला वजन टांगायचं आणि बाजूला उभं राहून बघायचं. ब्लँक जसा वाकतो तशी दोरी वळते का? कुठे ती ब्लँकला घासते, कुठे कोन करून मोडते? एखादी कडी अर्धा सेंटिमीटर सरकवली की पुढची सगळी बिघडतात, पुन्हा पहिल्यापासून. या कामाचे पैसे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. त्याला दिसते ती नक्षी.

आता नक्षीकडे येतो, कारण आमचं नाव झालं ते तिच्यामुळेच.

रॉडवरचा दोरा आधी शोभेचा नव्हता. बांबूच्या रॉडमध्ये सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. जुन्या सरसाचा पाण्यापुढे भरवसा नसायचा, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे पट्टे बांधून पट्ट्या धरून ठेवत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, 1970च्या दशकात कार्बन आला, आणि दोऱ्याकडे गाईड धरण्यापुरतं काम उरलं. उरलेली सगळी कला मुठीच्या वरच्या वीतभर जागेत आली. (कार्बन विजेचा चांगला वाहक आहे. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरू नका. वाइंडिंगवाला आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पहिल्यांदा मी पत्त्यातल्या चौकटसारखी नक्षी शिकलो. दोरा ब्लँकवर तिरपा नागमोडी वर न्यायचा, तसाच उलटा खाली आणायचा. जिथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तिथे चौकट तयार होते, आणि बाजूला एकेक रंग भरत गेलं की ती वाढते. समोरासमोरच्या दोन रेषा आखून फुल्या त्यांच्यावर बरोबर पडाव्या लागतात. माझी पहिली फुली अर्ध्या मिलिमीटरने चुकली. मला वाटलं, रंग भरताना झाकली जाईल. झाकली जाण्याऐवजी ती प्रत्येक रंगाबरोबर मोठी होत गेली. शेवटी चौकट रॉडच्या पोटावरून खांद्याकडे निघाल्यासारखी दिसत होती. ब्लेडने सगळं कापून काढलं. पाच तासांचं काम मुठीत मावेल एवढ्या रंगीत केसांच्या पुंजक्यात जमा झालं.

विणकाम ताईने आणलं. ती माझी मोठी बहीण, वर्षानुवर्षं क्रॉस-स्टिचची भरतकामं करणारी. एका गिऱ्हाइकाला मुठीवर मासा हवा होता, नक्षी नको, ओळखू येईल असा मासा. मी नाही म्हणायच्या बेतात होतो. ताई आलेखाचा कागद घेऊन आली. "अरे, चौकोन भरायचेत ना? मग माझ्याकडे दे, तू मोटरी बघ."

ते असं चालतं. आधी खाली साध्या दोऱ्याचे घट्ट फेरे, हे अस्तर. त्यावर रॉडच्या लांबीत ए मापाचे 61 उभे धागे शेजारीशेजारी लावायचे. आकडा विषम, म्हणजे मधला धागा एकच राहतो आणि चित्राला मध्य मिळतो. हा झाला ताणा. बाणा म्हणजे रॉडभोवती फिरणारा दोरा. आलेखातली एक ओळ वाचायची, त्या ओळीत जे धागे दिसायला हवेत ते सुईने उचलून मागे धरायचे, बाकीचे निजवायचे, आणि एक फेरा द्यायचा. फेरा निजलेल्यांच्या वरून आणि उचललेल्यांच्या खालून जातो. मग पुढची ओळ. एका ओळीला चार-पाच मिनिटं. चार सेंटिमीटरचा मासा म्हणजे अडीचशेच्या वर ओळी, म्हणजे नुसतं विणकाम वीस तासांचं. धागा सलग बऱ्याच ओळी वरच राहिला तर सैल पडून फुगतो, म्हणून अधूनमधून त्याला एका फेऱ्याखाली दाबून घ्यावं लागतं, तेही चित्राला डाग न पडता.

पहिला मासा विणून झाला आणि आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. आलेखातला लांबसडक देखणा मासा रॉडवर आखूड आणि गरोदर झाला होता. चूक विणीत नव्हती. कागदावरचा चौकोन चौरस असतो, विणीतला नसतो. फेरे एकमेकांना घट्ट खेटतात, पण उभ्या धाग्यांच्या मधून बाणा खालीवर होत असल्याने हे उभे धागे थोडे फाकतात. ताईने पट्टी लावून मोजलं आणि हिशेब काढला : आडव्या तीन चौकोनांना उभ्या चार ओळी धरायच्या. तेव्हापासून आमचे सगळे आलेख ताणलेले असतात. कागदावर मासा बारकुळा, रॉडवर नीट.

रंगाचा धडा वेगळा. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पिऊन अर्धपारदर्शक होतो आणि खालच्या काळ्या ब्लँकमुळे रंग काळवंडतो. पिवळा होतो मळकट, पांढरा जवळजवळ नाहीसा. त्यासाठी आधी रंगरक्षक द्रवाचा थर द्यावा लागतो, नाहीतर मुळातच पक्का केलेला दोरा घ्यावा लागतो. रंगरक्षक पूर्ण न वाळता मी एकदा घाई केली. निळ्या पाण्यात काळे ढग उठले. सुटका पुन्हा ब्लेडनेच झाली.

मोठा फटका बसला तिसऱ्या वर्षी. सहा रॉडची एकत्र ऑर्डर होती, सहाही विणलेले. इपॉक्सी लावला आणि जागोजागी तो फाकून बशीसारखे खड्डे पडले, आत कोरडा दोरा उघडा. पुसून पुन्हा लावला, पुन्हा तेच. दोन दिवस डोकं फिरलं होतं. मग लक्षात आलं की पलीकडच्या टेबलावर आमचा मुलगा बेअरिंग काढताना सिलिकॉनचा स्प्रे मारत होता. तो हवेत तरंगतो आणि जिथे बसतो तिथे इपॉक्सी धरत नाही. चूक त्याची नव्हती. एका खोलीत दोन धंदे चालवणं ही माझी चूक. चार रॉड वाचले, दोन सोलून नव्याने विणावे लागले. ताई त्या महिन्यात माझ्याशी कामापुरतं बोलली. महिनाअखेर मी वाइंडिंग बंद केलं. धाडस वगैरे काही नव्हतं, दुसरी खोली घेण्याइतके पैसे नव्हते आणि दोन्हीपैकी एक निवडायचं होतं.

त्यानंतर इपॉक्सीचे नियम भिंतीवर लिहिले. दोन भागांच्या पिचकाऱ्या वेगळ्या, दट्ट्यांना वेगळे रंग, कारण एकदा दट्टे बदलले गेले की बाटलीतला मालही जातो. माप डोळ्याने नाही. चार मिनिटं सावकाश ढवळायचं, फेस आणायचा नाही. कपात ठेवला तर स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो, म्हणून लगेच ॲल्युमिनियमच्या कागदावर पसरायचा. बुडबुडेही तिथे सुटतात. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झटकन फिरवली की फुटतात. झटकन. रेंगाळलात तर दोरा जळतो.

विणकामामुळे गिऱ्हाईक आलं तसे हट्टही आले. एकाला संपूर्ण रॉडभर टोकापर्यंत नक्षी हवी होती. आम्ही नाही म्हणालो आणि ती ऑर्डर गेली. दोरा आणि त्यावरचा इपॉक्सी यांना वजन असतं, ताठरपणाही असतो. मुठीपाशी ते हाताला जाणवत नाही, कारण तिथे रॉड फारसा वाकतच नाही. टोकाकडे एक ग्रॅमसुद्धा जाणवतो. रॉड जड होतो, फेकल्यावर डोलत राहतो. म्हणून आमच्याकडे ऑर्डर घेताना चित्राचा विषय शेवटी निघतो. आधी मासा कोणता, दोरी किती ताकदीची, रीळ वरचं की खालचं, उभ्याने टाकणार की होडीतून, मुठीपासून कोपरापर्यंत हात किती. एकदा हे सगळं विचारून झाल्यावर समोरचे गृहस्थ हसले, म्हणाले, "मला भिंतीवर लावायचाय." तरीही गाईड आम्ही भार लावूनच बसवले. भिंतीवरून उतरून तो कधी पाण्यावर जाईल सांगता येत नाही.

आज आम्ही चौघं आहोत. मुठी आणि रीलसीट, म्हणजे रीळ अडकवायची बैठक, एक जण बघतो. रीलसीटखाली आता कागदी चिकटपट्टीचे पट्टे भरत नाही. पाणी शिरलं की ते कुजतात आणि मूठ फिरायला लागते, असे दोन रॉड आमच्याकडे परत आले आहेत. गाईड आणि इपॉक्सी माझ्याकडे. विणकाम ताई आणि तिने शिकवलेली एक मुलगी. दोऱ्याची रिळं एका चित्राला पुरतील एवढी एकदमच, एका लॉटची घेतो, कारण तोच क्रमांक लिहिलेल्या पुढच्या लॉटचा निळा बऱ्याचदा वेगळा निघतो, आणि पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणतो, तुमच्या डोळ्यांचा दोष.

सध्या वाइंडरवर, म्हणजे रॉड धरून गुंडाळायच्या यंत्रावर, एक लांब चोचीचा पाणपक्षी आहे, 73 धाग्यांचा. ताई 180व्या ओळीवर थांबून दोन दिवस गावाला गेली आहे. सगळे धागे चिकटपट्टीने दाबून ठेवलेत आणि वर चिठ्ठी आहे : "हात लावू नकोस. धूळही पुसू नकोस."

धूळ बसली आहे. मी लांबून बघतो आहे.