फाइल तयार आहे, मग राहिलंय काय?

प्रदर्शन जवळ आलं की हा प्रश्न हमखास येतो. ‘तुमची चित्रं तर टॅब्लेटवर काढून झालीत. नुसत्या प्रिंट काढायच्या, मग महिनाभर कसल्या गडबडीत असता?’ परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

स्क्रीनवरच्या चित्राला माप नसतं. काढताना मी कधी ते चारशे टक्के मोठं करून एकेक पापणी रंगवते, कधी सगळं चित्र बोटभर करून लांबून बघते. भिंतीवर त्याला एकच माप मिळतं, आणि ते ठरवणं हे मला सगळ्यात अवघड काम वाटतं. यावेळच्या बारा चित्रांत सुईत दोरा ओवणाऱ्या म्हाताऱ्या हातांचं एक चित्र आहे. ते मोठंच लावायचं असं मी धरून चालले होते. साध्या कागदावर २४ बाय ३६ इंचांची कच्ची प्रिंट काढून भिंतीला चिकटवली, तर सुईची काठी झाली होती! हातांचा थरथरता नाजूकपणा पार गेला. दोन दिवस तो कागद डोळ्यांसमोर ठेवला आणि शेवटी चित्र १० बाय १५ इंचांवर आणलं. आता बघणाऱ्याला जवळ येऊन, थोडं वाकून बघावं लागेल. दोरा ओवणाऱ्याकडे आपण असंच तर बघतो.

शिवाय मापाचा हिशेब पिक्सेलशी जोडलेला असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २४ बाय ३६ इंचांसाठी ७२०० बाय १०८०० पिक्सेल लागतात. लांबून बघायच्या चित्राला कमी चालतात, पण जुनी छोटी फाइल सॉफ्टवेअरने ताणली की रेषेला एक प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा येतो. तो मला सहन होत नाही. अशी दोन चित्रं मी यावेळी पुन्हा काढली.

मग रंग. स्क्रीन स्वतः प्रकाश देते. कागद खोलीतला उजेड तेवढा परत करतो. त्यामुळे स्क्रीनवरच्या काही छटा शाईत येतच नाहीत. प्रिंट काळपट आली म्हणून नवीन मंडळी हळहळतात, पण बहुतेक वेळा त्यांचा मॉनिटरच फार उजळ ठेवलेला असतो. मी पडद्यावर सेन्सर लावून कॅलिब्रेशन करते, म्हणजे त्याचे रंग ठरलेल्या मापावर आणते, उजळपणा चौरस मीटरला शंभर कँडेलाच्या (हे उजेडाचं एकक) आसपास आणते आणि त्या त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतील हे सांगणारी फाइल, लावून चित्र आधी स्क्रीनवरच तपासते. तरी खरी परीक्षा पट्टीची. चित्राचा चार इंचांचा तुकडा खऱ्या कागदावर छापायचा, चोवीस तास वाळू द्यायचा आणि मगच बोलायचं.

एका संध्याकाळच्या आकाशातल्या निळ्याने मला फार छळलं. स्क्रीनवर तो आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि सुती कागदावर चक्क जांभळट, मेलेला. निळा वाढवत गेले तसा तो आणखी चिकट होत गेला. पाचव्या पट्टीनंतर त्याला हात लावायचा सोडला आणि शेजारचे ढग राखाडी केले, क्षितिजावर नारिंगीची एक बारीक रेघ ओढली. निळा होता तसाच राहिला, पण शेजार बदलल्यावर उठून दिसायला लागला. शाईशी भांडून जे मिळालं नाही, ते चित्रकलेच्या जुन्याच शहाणपणाने मिळालं.

संगणकाने काढलेल्या चित्रांच्या अगदी पहिल्या प्रदर्शनांपैकी एक १९६५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला झालं, संगणक-चित्रांच्या सुरुवातीच्या कलाकारांपैकी एक असलेल्या गेऑर्ग नेस यांचं. तिथेही भिंतीवर होत्या प्लॉटर यंत्राने कागदावर शाईने ओढलेल्या रेषा. लोकांसमोर यायचं तर अंगावर कागद चढवायचा, हे या चित्रांना तेव्हापासूनच चुकलेलं नाही.

बाकीची कामं वेळ खातात, पण ती सरळ आहेत. प्रत्येक चित्रावर तात्पुरता लेअर टाकून उजळपणा टोकाला न्यायचा, म्हणजे सावलीत लपलेले चुकार फटकारे दिसतात. फ्रेमसाठी कडेला जागा सोडायची. प्रत्येक चित्राच्या दहाच प्रती काढायच्या, त्यांवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही करायची. अकरावी काढायची नाही. फाइल हाताशी असताना हा शब्द पाळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आत्ता त्या निळ्याची सातवी पट्टी टेबलावर वाळतेय. उद्या ती दालनात नेऊन तिथल्याच दिव्याखाली धरून बघेन. जमली असेल तर संध्याकाळी बाराही चित्रं छापायला जातील.