तुम्ही विचारलंत म्हणून : मग बाजारातून काहीच आणणार नाही?

“नोकऱ्या सोडून सत्तरी तालुक्यातल्या गावात घरचं पिकवून खायला जाणार म्हणजे बाजारातून काहीच आणणार नाही का तुम्ही?” ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, चतुर्थीला जमलेल्या नातेवाइकांत हा प्रश्न ठरलेला. विचारण्यात थोडं कौतुक असतं, थोडी मस्करी, आणि ‘बघूया किती टिकतात’ हेही असतंच. तर सरळ सांगते, आणणार. तूरडाळ, साखर, चहापूड, कांदे, साबण, औषधं, पेट्रोल, मासळी, मोबाइलचा रिचार्ज, सगळं विकतच येणार. आमची तयारी म्हणजे मुख्यतः ही यादीच आहे. काय कायम विकत घ्यायचं आणि त्याचे पैसे कुठून यायचे, हे एकदा कागदावर पक्कं झालं की राजीनामे टाकायचे.

मी पणजीत एका बँकेत, नवरा पाटोवर एका खासगी कंपनीत. राहतो पर्वरीला. वाळपईच्या पुढे सासऱ्यांचं घर, घराखाली थोडं शेत, मागे लहानसं कुळागर म्हणजे माड-सुपारीची बाग, वर डोंगरउतारावर काजू. हे आधीच सांगायला हवं, कारण ‘आम्हालाही असंच करायचंय’ म्हणणाऱ्या कित्येकांकडे जमीन नसते आणि मग सगळा हिशेबच बदलतो. पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, गोव्यात एखादं शेत मिळेल का? भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे, मोजके अपवाद सोडले तर. मला तो कायदा पटतो. आपल्या स्वप्नासाठी दुसऱ्याचं शेत कशाला हवं?

विचार डोक्यात आला तो २०२० च्या मार्चअखेरीस, गोव्यातल्या इतर अनेकांच्या आला तसाच. किराणा दुकानं बंद, बेळगावची भाजी घाटापलीकडे अडकलेली, आणि पर्वरीत आम्ही डाळीचे डबे हलवून बघत बसलो होतो. त्याच आठवड्यात सासूबाई गावाहून फोनवर सांगत होत्या की फणसाची भाजी खाऊन कंटाळा आला.

जायचं ठरवल्यावर बियाणं आणि खत यांच्याही आधी आला तो एक-चौदाचा उतारा, जमिनीच्या हक्कदारांची नावं असलेला. गोव्यात वडिलोपार्जित जमीन ‘आमची’ म्हणणं सोपं आणि ते कागदावर दाखवणं अवघड. पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेली आपली व्यवस्था अशी की मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखा, आणि वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. न्याय म्हणून हे फार चांगलं. मी स्वतः माझ्या माहेरच्या उताऱ्यावर आहे. पण त्यामुळे सासऱ्यांच्या उताऱ्यावर त्यांची भावंडं, भावंडांची मुलं आणि त्या सगळ्यांचे जोडीदार असा मोठा गोतावळा हक्कदार आहे. त्यातले काही बेळगावला, काही मुंबईत, एक चुलतभाऊ तर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला. कोणाचंही भांडण नाही, पण सही हवी तर माणूस हवा. वाटणीचा इन्व्हेंटरीचा दावा चालेल तसा चालेल. तोवर सगळ्यांनी आम्हाला कसायला लेखी संमती दिली आहे. त्या संमतीच्या भरवशावर विहिरीचा काठ बांधला, पण नवीन घर बांधणार नाही. जुन्याचंच छप्पर शाकारून घेतलं.

खालच्या शेताची गोष्ट वेगळी. ते कुळाचं. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याला १९७६ साली झालेली पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणारा मालक ठरला, म्हणून ते आमच्याकडे आहे. आमचे आजेसासरे ते शेत कसत होते एवढीच त्यामागची पुण्याई. ते पडीक ठेवून पर्वरीत तांदूळ विकत घेणं नवऱ्याला नेहमी खुपायचं.

आता तांदूळ. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सकाळची पेज, दोन वेळचा भात. माणशी महिन्याला आठ किलो धरले तर वर्षाला जवळपास ४०० किलो. उकडे तांदूळ काढायचे तर साधारण ६०० किलो भात पिकायला हवं. हेक्टरी चार टन उतारा धरला, तर १५०० चौरस मीटर शेत पुरे. म्हणजे एवढ्याशा तुकड्यात वर्षाचा भात निघतो. हा आकडा ऐकून लोक खूश होतात. मग मी विचारते, ते ६०० किलो उकडणार कोण? भात भिजवायचं, भाणात म्हणजे मोठ्या हंड्यात वाफवायचं, अंगणात वाळवायचं, मध्येच पाऊस आला तर धावत गोळा करायचं. शेजारच्या काकींनी मला पहिल्यांदा भाणापाशी उभं केलं तेव्हा दुपारपर्यंत डोळ्यांतून धुराचं पाणी थांबेना, आणि त्या म्हणाल्या, “बँकेत एसी आसा न्हय गो?” भात आम्ही घरचंच करणार. पण कापणीला यंत्र, मळणीला यंत्र, यात तडजोड नाही.

नारळाचा हिशेब सोपा. रोज एक नारळ वाटणाला म्हणजे ३६५. महिन्याला दोन लिटर तेल, लिटरला दहाएक नारळ, म्हणजे आणखी २४०. एका माडाला वर्षाला पन्नास-साठ नारळ धरले तर बारा माडांत घर भागतं. माड आहेत बाराहून जास्त. पण पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, मिळत नाही, आणि पाडेली येईपर्यंत खेती थांबत नाहीत.

खेती, म्हणजे माकडं. स्वयंपूर्ण जीवनावर बोलणारी माणसं यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, म्हणून जरा बोलते. म्हादई अभयारण्याच्या कडेच्या गावात काय लावायचं हे शेतकरी एकटा ठरवत नाही. शहाळी, केळी, पपई, भेंडी खेती नेतात. म्हणून माणूस जमिनीखालचं लावतो, कणगी, सुरण, माडी. तर रात्री रानडुकरं येऊन वाफे उलथून जातात. पिकत आलेल्या शेतात गवेरेडे उतरतात, आणि गवा हा आपला राज्यप्राणी असल्याने त्याच्यासमोर आपण नुसतं उभं राहायचं. सौरकुंपण डुकरांना नि गव्यांना काही प्रमाणात अडवतं. खेती झाडावरून येतात. शेवटी आमच्या यादीत राहिलं ते मिरी, हळद, आलं, भिंडां (कोकम), जायफळ आणि सुपारी. यांच्याकडे जनावरं त्यामानाने कमी वळतात. भाजी घराला अगदी लागून, जाळीखाली, जेवढी होईल तेवढी. बाकीची वाळपईच्या बाजारातून. मला वाटतं इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. भाजी पिकवणं हेच त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र असतं.

पण गावात तरी सगळं घरचं कधी होतं? सासूबाईंना विचारलं, तुमच्या लहानपणी पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, काय काय आणायचे? त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. मीठ गोणीने, सुकी मासळी, गालमो (सुका जवळा), सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, गूळ, रॉकेल, कापड. चार महिने पाऊस कोसळणार, ओहोळाला पूर आला की वाट बंद, म्हणून मे महिन्यात घर भरून ठेवायचं. घरची होती ती सोलं, चिंच, फणसाची साठं, लाकूड, कुळीथ, अळसांदे. म्हणजे बाजाराची यादी तेव्हाही होतीच, फक्त वर्षातून एकदा करायची. आम्ही तीच पद्धत परत धरतो आहोत. मीठ हडफड्याच्या मिठागरांकडून, एकदाच. डाळी, साखर, साबण ठोक भावाने. दर दोन दिवसांनी गाडी काढून वाळपईला जायचं तर पेट्रोलच पगाराएवढं होईल.

पैसे येणार सुपारी आणि काजूतून. काजूची बी मार्च ते मे, सुपारी त्याआधी. दोन्हीला बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा आधार आहे, म्हणजे माल कुठे घालायचा हा प्रश्न नाही. भाव मात्र आपल्या हातात नाही. म्हणून खर्चाची बाजू चांगला भाव न धरता मांडली: मुलीचं शिक्षण, वीज, फोन, पेट्रोल, मजुरी, आणि आजारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम. सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड आहे, पण रात्री-अपरात्री बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचायला तासाहून जास्त लागतो, आणि घरात म्हातारं माणूस आहे. नवऱ्याला हा मुद्दा उगाच ताणलेला वाटतो. मला नाही वाटत. आमचे सगळ्यात जास्त वाद यावरच झालेत.

राजीनामे एकदम दोन्ही नाहीत. घराचं कर्ज फिटेपर्यंत तर एकही नाही. हप्ता डोक्यावर ठेवून सुपारीच्या भावाकडे बघत बसणं मला जमणार नाही, बँकेत त्या बाजूच्या फायली मी रोज बघते. कर्ज फिटलं की आधी मी सोडणार. नवऱ्याचा पगार आणि त्याच्या कंपनीचा आरोग्य विमा मुलीची बारावी होईपर्यंत चालू राहील. तोवर तो शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार.

राहिली गाय. गाय घेणार का, हा हमखास पुढचा प्रश्न. नाही. गाय घेतली की लग्नाकार्याला रात्रभर घर सोडता येत नाही, आणि आमच्या घरात निम्मे नातेवाईक कारवारला. दूध शेजारच्या काकींकडून विकत घेणार. त्यांनी दरही सांगून ठेवलाय, शहरातल्या पिशवीपेक्षा चार पैसे जास्तच.