नांदूर मध्यमेश्वर: या हंगामात फक्त बदकांच्या माद्या

यंदा पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायची नाही, असं ठरवूनच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावर, चापडगावला जातोय. काठाने रमतगमत चालायचं, बाभळीची सावली दिसली की टेकायचं आणि आजवर ‘मादी असेल कसली तरी’ म्हणून सोडून दिलेली तपकिरी बदकं नीट बघायची. नर काय, कुणीही ओळखतो.

सुरुवात थापट्या (शॉवेलर) बदकाच्या मादीपासून केली, कारण ती सोपी. फावड्यासारखी चोच लांबूनही लपत नाही. स्कोपमधून (तिपाईवरच्या दुर्बिणीतून) चोचीच्या कडेची बारीक दात्यांची झालर दिसली, तेव्हा त्यांचं ते गोलगोल फिरत पाणी गाळणं खऱ्या अर्थाने कळलं. एकाने ढवळलेलं पाणी मागचा गाळतो, त्याच्या मागे पुढचा. अर्धा तास तिथेच गेला आणि सोबतचे लोक फ्लेमिंगोच्या शोधात पुढे निघून गेले. जाऊ देत.

तलवार बदकाची मादी मानेवर ओळखावी. शेपूट नराइतकी लांब नसते, पण बारीक उंच मान आणि राखाडी चोच चुकत नाही. हळदीकुंकू बदकात नर-मादी जवळपास सारखेच, त्यामुळे तिथे डोकं चालवत बसलो नाही.

खरी परीक्षा गडवाल बदकाची. पाण्यावर बसलेली मादी म्हणजे निव्वळ तपकिरी गोळा. चोचीच्या कडेची नारिंगी छटा ऊन नीट पडलं तरच दिसते. गावातला गाईड म्हणाला, “दादा, बसलेलं नका बघू, उडू द्या.” थोड्या वेळाने दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून खाली आला, सगळा थवा उठला आणि पंखांच्या मागच्या कडेचे पांढरे चौकोन लख्ख दिसले. तेव्हापासून मी भोवत्याची वाटच बघत बसतो. वारकरी (कूट) पक्षी मात्र उडायचे कष्ट घेत नाहीत, घोळका करून पाणी उडवत राहतात.

नवीन येणाऱ्यांनी पाण्याची पातळी बघून यावं. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशकाळात बंधारा बांधला, मागे गाळ साठत गेला, त्यातून बेटं आणि दलदल तयार झाली. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव जाहीर झालं. पण हे पाणी शेवटी शेतीचं. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतारी, चिखले हे काठावरचे पक्षी मजेत चरतात. बदकं मात्र खोल पाण्याकडे सरकतात, म्हणजे स्कोपशिवाय काही खरं नाही. पाणी भरलेलं असेल तर साध्या 8×42 दुर्बिणीवरही काम भागतं. आणि स्वेटर, कानटोपी आणाच. निफाडची थंडी पेपरात वाचणं वेगळं आणि निरीक्षण मनोऱ्यावर सकाळी साडेसहाला खाणं वेगळं.

आता राहिलेत भुवई बदक आणि कॉमन टील या छोट्या बदकांच्या माद्या. भुवईच्या मादीच्या चेहऱ्यावर पट्टे ठळक, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. टीलच्या शेपटीच्या बाजूला पांढरट रेघ. पुस्तकात सोपं आहे. दोघी शेजारी-शेजारी पोहतानाचा कुणाकडे साधा रेकॉर्ड शॉट (ओळख पटण्यापुरता फोटो) असला तरी टाका, मार्चमध्ये ही मंडळी परत निघायच्या आत डोळा तयार करायचाय.