न हलणारा लघुग्रह

गुरुवार, रात्र बरीच झाली आहे

मुक्ताचा प्रश्न डोक्यातून जात नाही. संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसली होती. मी कॉम्प्युटरवर स्पेस इंजिनिअर्स हा अंतराळातल्या खाणकामाचा खेळ खेळत होते, ड्रिल लावलेलं छोटं जहाज लघुग्रहात घुसवत होते. थोडा वेळ गप्प राहून पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, तू एवढं ढकलतेयस, मग तो दगड मागे का सरकत नाही?" मी म्हटलं, "या खेळात नाही सरकत." तिला तेवढं पुरलं, उठून गेली. मला पुरलेलं नाही.

स्पेस इंजिनिअर्समधला लघुग्रह खरंच हलत नाही. कितीही मोठं जहाज बांधा, पूर्ण वेगाने नेऊन आदळा, चुरा होईल तो जहाजाचा. मधून आरपार कापला तरी दोन्ही तुकडे आपापल्या जागी अधांतरी राहतात. हे मला ठाऊक होतंच. पण ठाऊक असलेलीच गोष्ट दुसऱ्या कोणी विचारली की ती वेगळी दिसायला लागते.

मी या खेळात काय काय शिकले ते आठवत बसले आहे. आधी हातातल्या ड्रिलने खोदायचं, लोखंड, निकेल, सिलिकॉन जमवायचं. ओअर डिटेक्टरचा, म्हणजे खनिज शोधणाऱ्या यंत्राचा पल्ला छोट्या जहाजावर जेमतेम पन्नास मीटर, म्हणून लघुग्रहाला अगदी खेटून फिरायचं. लांबून पाहिलं तर सगळेच दगड सारखे. धातूपर्यंत पोचायला नुसतीच वाट काढायची असेल तर माउसचं उजवं बटण दाबायचं, भोक रुंद पडतं आणि कार्गो दगडाने भरत नाही. तरी दगड येतोच, तो कनेक्टरमधून, म्हणजे माल आत-बाहेर करायच्या तोंडातून, बाहेर फेकायची सोय आधीच करून ठेवायची. साध्या रिफायनरीत, म्हणजे खनिजातून धातू काढणाऱ्या यंत्रात, सोनं, चांदी, प्लॅटिनम, युरेनियम टाकता येत नाही, त्याला मोठी लागते. आणि मोठ्या रिफायनरीतही, उतारा वाढवणारी जादा मॉड्यूल लावली नाहीत तर, १००० किलो प्लॅटिनमच्या खनिजातून हाती येतं ५ किलो. युरेनियम तर ग्रहांवर सापडतच नाही, त्यासाठी लघुग्रहच गाठायचा.

हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. थोडं दादाने, पण त्याबद्दल आज नको.

दिवसभर मी जे काम करते त्यातलं काहीही मला कोणासमोर ठेवून "हे मी केलं" असं म्हणता येत नाही. इथे म्हणता येत होतं. जहाज मी बांधलं, बोगदा मी काढला, या धातूचा हा भाग मी घडवला. मला वाटत होतं, मला एक काम येतं. आणि आज वाटतंय की ते काम अशा दगडावर केलेलं आहे जो जगात कुठेच नाही. वेगसुद्धा सेकंदाला १०० मीटरवर अडवलेला. मग मला नक्की काय येतं? चाळिशीच्या पुढे माणसाने इतक्या मनापासून शिकलेली गोष्ट अशी पोकळ निघावी, याचं फार वाईट वाटलं. जेवताना आईने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. काय सांगणार.

मग झोप येईना म्हणून खऱ्या लघुग्रहांबद्दल वाचत बसले. त्याने आधी आणखीच खचले. नासाचं ओसायरिस-रेक्स यान २० ऑक्टोबर २०२० रोजी नमुना घ्यायला बेन्नू या लघुग्रहाला टेकलं. पाचेकशे मीटर रुंदीचा दगड. टणक लागेल असं वाटत होतं, पण यानाचा हात जवळपास अर्धा मीटर आत गेला. वरचा थर नुसता सैल खड्यांचा, एकमेकांना जेमतेम धरून असलेला. थ्रस्टर, म्हणजे ढकलणारी छोटी इंजिनं, पेटवून यान मागे निघालं नसतं तर आणखी आत रुतलं असतं. खडे इतके भरले की झाकण नीट मिटेना आणि बारीक कण बाहेर निसटायला लागले. २४ सप्टेंबर २०२३ ला युटाच्या वाळवंटात कुपी उतरली तेव्हा आत १२१.६ ग्रॅम माल होता. एवढ्या सगळ्या खटाटोपाचे शंभर-सव्वाशे ग्रॅम. आणि मी टनांनी खोदते.

मुक्ताचं उत्तरही तिथेच सापडलं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट नावाचं यान मुद्दाम डायमॉर्फसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळवलं, सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने. त्या दगडाच्या प्रदक्षिणेला लागणारा वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. म्हणजे सरकतो. ढकललं तर खरंच सरकतो. तिला आठवीतच जे खटकलं ते बरोबर खटकलं.

हे वाचून झाल्यावर मात्र मन जरा सावरलं, आणि का सावरलं ते आत्ता लिहिताना कळतंय. बेन्नूवर सगळ्यात महत्त्वाचं काय ठरलं, तर मागे येणं. आणि मला नीट येणारी गोष्ट नेमकी तीच आहे. खेळात रिकामं जहाज सोडलं की डॅम्पनर, म्हणजे थ्रस्टर वापरून आपोआप लागणारा ब्रेक, त्याला पटकन थांबवतात. तेच जहाज खनिजाने भरलं की थांबता थांबत नाही, तळ समोर दिसत असतो आणि जहाज सरकतच राहतं. तिथे गुरुत्वाकर्षण नाही, वजन नाही, तरी वस्तुमान कुठेही गेलेलं नसतं. शाळेत हे मी पाठ केलं होतं, कळलं मात्र भरलेलं जहाज तळाकडे आणताना. पुढे नेणाऱ्या थ्रस्टरइतकाच मागे ओढणाऱ्यांचा विचार करायचा, आणि तो भरलेल्या पोटाच्या हिशेबाने. एवढं तरी खोटं नाही. दगड खोटा असेल, जहाज थांबवणं खरं आहे. बाकीचं जसं आहे तसं असू दे. मला ते आवडतं, आणि आवडण्यासाठी ते सगळं खरं असायची गरज नाही, असं आत्ता तरी वाटतंय. सकाळी काय वाटेल कोण जाणे.

मुक्ताला डार्टबद्दल सांगायचं आहे. आणि भरलेलं जहाज तिच्याच हाती देऊन थांबवायला लावायचं.

पण दादाने बांधलेल्या जहाजाला मागचे थ्रस्टर कमीच आहेत. प्लॅटिनम भरून आणायचं तर आधी ते वाढवायला हवेत, आणि आयनचे लावायचे म्हटलं तर त्यांनाच प्लॅटिनम लागतं. हायड्रोजनचे लावावे. हायड्रोजन बर्फातून काढतात, म्हणून बर्फ हवा. तळाच्या पलीकडच्या लघुग्रहावर थोडा दिसला होता, उद्या संध्याकाळी आधी तिकडेच जाते.