अर्धवट गोधड्या

श्रावणातली दुपार. माळ्यावरची प्लॅस्टिकची पिशवी खाली येते आणि कापडाआधी तिच्यातून कुबट वास बाहेर पडतो. ठाण्याच्या पावसाळ्यात सुती कापड असं कोंडलं की दुसरं काय होणार! आत तीन अर्धवट गोधड्या. एकीत सुई टोचलेलीच राहिलेली, तिचा गंज कापडात उतरलेला. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं तर डाग फिका होतो. पण श्रावणात ऊन आणायचं कुठून?

गोधडी रखडली की लोक आळसाला नावं ठेवतात. खरी अडचण जागेची. सहा फुटी थर सपाट पसरून, मधून कडांकडे हात फिरवत, वीतभर अंतरावर लांब टाके घालून टाचावे लागतात. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा सरकवला तरी तेवढी फरशी मोकळी होत नाही. मग टाचण होतं पलंगावर. गादी दबते, खालचा थर ढिला राहतो आणि चार ओळींनंतर मधे फुगा येतो. तिथून गोधडी थेट पिशवीत.

फुगा दामटून पुढे शिवू नये. धावदोऱ्याबरोबर तोही सरकतो आणि शेवटच्या कोपऱ्यात चुणी होऊन बसतो. दोन-तीन ओळी उसवून पुन्हा टाचावं. निम्म्याहून कमी शिवून झाली असेल तर सगळीच उसवलेली बरी. साडेपाच मीटरची साडी तिहेरी घातली की सहा फूट बाय पावणेचार फुटांचं पांघरूण होतंच. आत जॉर्जेट असेल तर काढून टाकावं. ते कितीही टाचा, निसटतंच.

निम्म्याहून जास्त झालेलीची तीन फुटी दुपटी करावीत. फक्त कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची टीप मारायची, नाहीतर कात्री लागताच धावदोरा सुटत जातो. मग कडेला दोन इंची पट्टी. उरलेल्या तुकड्यांची पायपुसणी. गोधडीचं पायपुसणं करायचं म्हटलं की घरातलं कोणीतरी हळहळतंच. हळहळू द्यावं.

तिसरीत मात्र आजीचं लुगडं असतं आणि टाकेही तिचेच, तांदळाएवढे. पुढे कोणीही शिवलं तरी हात बदललेला वीतभरात कळतो. उसवायला कोणी धजत नाही, पुरी करायलाही नाही. ती पुन्हा माळ्यावर. या खेपेला सुती पिशवीत, सुई काढून.