गिनीच्या गोळ्या आणि काळा बोळ

दुपारच्या वेळी ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळायला बसू नये. ज्या बातमीसाठी फाइल मागवलेली असते ती तशीच राहते आणि शेजारच्या रकान्यातली जाहिरात हात धरून बसवून घेते. परवा मी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या कापसाच्या भावांविषयी काही शोधायला गेलो होतो आणि उठलो तेव्हा वहीत कापसाचा एकही भाव नव्हता; होती ती पित्त, पोटशूळ, जुनाट खोकला आणि 'रक्तशुद्धी' यांवरच्या रामबाण उपायांची नावे. याचे मला वाईट वाटले नाही, कारण वर्तमानपत्र मागच्या पानावरून वाचायची माझी खोड जुनी आहे आणि अग्रलेखाने माझे आजवर फारसे काही अडलेले नाही.

ही खोड फडताळाने लावली. आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या प्रत्येक खणात आजी वर्तमानपत्राचा कागद अंथरत असे आणि त्याची कड खणाबाहेर लोंबती ठेवत असे. बातम्या डब्यांखाली जात आणि कडेवर उरे तो बहुधा मागच्या पानाचा ऐवज: लिलाव, स्थळे, मूळव्याध आणि जाहीर नोटिसा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा माझ्या आज्ञेत नसून त्याच्याशी कोणीही देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास तो मजवर बंधनकारक राहणार नाही,' ही नोटीस मला कित्येक वर्षे पाठ होती. मुलाचे नाव हिंगाच्या डब्याखाली असल्यामुळे दिसत नसे, त्यामुळे त्याने नेमके काय केले असावे याचा विचार करण्यात माझ्या पुष्कळ दुपारी गेल्या. "अरे, वाचत काय बसलास? मोहरीचा डबा काढ आधी," असे आजीने म्हटले की तो मुलगा तेवढ्यापुरता सुटे.

फडताळाच्या वरच्या खणात औषधे असत. पिवळ्या बामची बाटली, ग्राइप वॉटर, आणि एका पितळी डबीत सुंठ, वेखंड, मायफळ, बाळंतशोपा आणि काळा बोळ. बाटल्या दुकानातल्या आणि डबी घरची, इतकाच त्यांच्यातला फरक मला तेव्हा ठाऊक होता. ग्राइप वॉटर हे विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने १८५१मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी काढले आणि त्यातला मुख्य वास शेपूच्या तेलाचा, म्हणजे आमच्या डबीतल्या बाळंतशोपांचाच होता, हे पुष्कळ नंतर वाचनात आले. मूळ कृतीत थोडा मद्यार्कही असे. आमचे एक काका बाळाला औषध पाजून झाल्यावर चमचा स्वतः चाटून स्वच्छ करीत. परंतु त्यांच्या वात्सल्याचा उगम या माहितीत शोधणे अन्यायाचे होईल.

इंग्रजांच्या वसाहतींतली वर्तमानपत्रे मुळातच मागच्या पानाची होती, असे माझे मत होऊ लागले आहे. कलकत्त्यात २९ जानेवारी १७८० रोजी या देशातले पहिले छापील वर्तमानपत्र काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी हा जहाजावरील शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून आला होता, व्यापारात बुडाला, कर्जापायी तुरुंगात गेला आणि मग छापखान्याकडे वळला. म्हणजे औषध, व्यापार आणि छपाई ही तिन्ही त्या एका माणसातच होती. मुंबईत १ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी 'मुंबईना समाचार' सुरू केले तेव्हा त्याचा मोठा भाग मालाच्या भावांनी आणि जहाजांच्या येण्याजाण्याने भरलेला असे. टाइम्स ऑफ इंडिया १८३८मध्ये जन्मले तेच मुळी 'बाँबे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' या नावाने, आणि त्याचे पहिले पान दीर्घकाळ जाहिरातींच्या ताब्यात होते. गव्हर्नरसाहेबांचे भाषण आत आणि घोडागाडीची विक्री बाहेर, हा क्रम मला तरी योग्य वाटतो.

या जाहिरातींत सर्वांत बोलके असतात ते लिलाव. मुंबईत गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण सतराव्या शतकातच इंग्रजांत पडली होती. पुढे हवा थोडी सुधारली तरी लिलाव थांबले नाहीत. साहेब मरे किंवा विलायतेला परते, आणि त्याचे मेज, खुर्च्या, मद्याच्या बाटल्या, घोडा, पालखी हे सगळे त्याच बिऱ्हाडावर किंवा दलालाच्या वखारीत विकायला निघे. नव्याने आलेला साहेब ते घेई आणि पुढे त्याचेही तेच होई. एका रकान्यात जहाजातून उतरलेल्या मालाची यादी, दुसऱ्यात मागे राहिलेल्या मालाची यादी, आणि दोहोंच्या मध्ये औषधाची जाहिरात. यापेक्षा नेमका वसाहतीचा इतिहास कोणी लिहिला असेल असे मला वाटत नाही.

बर्फाचेही असेच. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने १८३३मध्ये कलकत्त्याला आणि १८३४मध्ये मुंबईला पोचला. जमशेटजी जिजीभाईंनी त्या वर्षी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि त्यामुळे यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले, असे तेव्हाच्या गुजराती वर्तमानपत्राने नोंदवले. परदेशातून चैन यावी आणि तिच्या मागोमाग दुखणे यावे, ही आपल्याकडील वर्तमानपत्रांची आवडती बातमी आहे. आजही शीतपेयांविषयी आपण याच सुरात लिहितो.

पण मला खरोखर खिळवले ते गोळ्यांनी. टॉमस होलोवे या इंग्रज गृहस्थाने १८३७च्या सुमारास मलम आणि त्यामागोमाग गोळ्या काढल्या आणि जगातल्या मिळतील तितक्या भाषांत त्यांच्या जाहिराती छापल्या. जाहिरातीवर तो दरसाल हजारो पौंड उधळी आणि तरीही इतका पैसा उरला की त्यातून लंडनजवळ मुलींचे एक भव्य कॉलेज उभे राहिले, ज्याचे उद्घाटन १८८६मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने केले. दुसऱ्या, बीचमच्या गोळ्या. 'एका डबीची किंमत गिनीइतकी', म्हणजे एकवीस शिलिंगांइतकी, हे त्यांचे घोषवाक्य होते, आणि विकल्या जात त्या एक शिलिंग दीड पेन्सला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९मध्ये अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून निकाल छापला, तेव्हा गिनीच्या डबीत निघाले काय, तर कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. डबीभर गोळ्यांतल्या द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी), म्हणजे विक्रीच्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे काळा बोळ, आणि सुंठ म्हणजे सुंठ. साबण तेवढा आजीच्या डबीत नव्हता. तो मोरीत होता. त्यातही गंमत अशी की, अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरचा नावाजलेला बोळ त्या काळी मुंबई बंदरातूनच युरोपला जात असे. मुंबईच्या धक्क्यावरून पोत्यांनी निघालेले कडू द्रव्य गोळी होऊन, डबीत बसून, इंग्रजी कागद गुंडाळून परत त्याच धक्क्यावर उतरणे ज्यांना पाहायला मिळाले असेल ते हमाल भाग्यवान.

कॉलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनचे प्रकरण इतके निरुपद्रवी नव्हते. हा डॉक्टर हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यात होता आणि पटकीवर उतारा म्हणून त्याने अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म यांचे मिश्रण तयार केले, जे १८५६पासून बाजारात आले. त्याची नक्कल करणाऱ्या फ्रीमनशी झालेल्या खटल्यात १८६४ साली, ब्राउन हाच निःसंशय मूळ शोधक आहे आणि प्रतिवादीची हकिगत जाणूनबुजून खोटी आहे, असे न्यायाधीशांनी म्हटले. ते वाक्य जाहिरातीत वर्षानुवर्षे छापले गेले. न्यायालयाने शोधक कोण ते सांगितले होते, औषध गुणकारी आहे असे कोठेही म्हटले नव्हते. पण खोकल्याने रात्रभर जागलेला वाचक इतका काथ्याकूट करीत नाही. शिवाय अफूने खोकला थांबतोच.

देशी लोक ही विद्या पटकन शिकले. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी १८९३मध्ये मुंबईत अमृतांजन काढले आणि गाण्याच्या मैफलींत ते फुकट वाटले. डोके दुखण्याची जागा त्यांनी अचूक हेरली होती, असे एखादा कुत्सित श्रोता म्हणेल. त्या बामच्या पैशातून त्यांनी १९०८मध्ये मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे वर्तमानपत्र सुरू केले. इतरत्र वर्तमानपत्रे औषधांच्या जाहिरातींवर जगत. येथे औषधानेच वर्तमानपत्राला जन्म दिला.

त्या दुपारी माझ्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. एकाच पानावर सरकारी नोटीस असे आणि औषधाची जाहिरातही असे, आणि त्या दोघींत वाचकाशी अदबीने बोलणारी फक्त जाहिरात होती. नोटीस अमुक करू नये, तमुक केल्यास दंड होईल, असे बजावत असे. जाहिरात विचारी: आपणांस भूक लागत नाही काय? झोप येत नाही काय? सकाळी उठल्यावर तोंड कडू असते काय? इतक्या आपुलकीची चौकशी कलेक्टराने कधी केली नसेल.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनरांची नोटीस निघाली की, संशयित रोग्याला जरूर तर सक्तीने इस्पितळात नेले जाईल. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' ही इंग्रजी अक्षरे रंगवली जाऊ लागली, जी घरातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हती. जानेवारी १८९७मध्ये हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ज्यात काही अर्थ होता असे औषध ते एवढेच, आणि ज्या सरकारची माणसे सोजिरांसह घरात शिरून प्लेगच्या गाठींसाठी काखा तपासत होती, त्याच सरकारच्या हातून ते यायचे होते.

मी त्या वर्षी मांडवीत असतो, घरात तापाने फणफणलेले मूल असते, तर काय केले असते याचे उत्तर मला ठाऊक आहे. मुलाला माळ्यावर लपवले असते, आणि खाली जाऊन बाटली विकत आणली असती.